नालंदा-महाविहाराची योगक्षेम-व्यवस्था

नालंदा येथील महाविहाराविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तेथील आचार्यांचें पांडित्य, प्रवेशद्वारींच घेतली जाणारी कठोर परीक्षा, चीन-तिबेटांतून येणारे विद्यार्थी, या गोष्टींचें वर्णन शाळकरी मुलांच्या पुस्तकांतही आढळतें. इ. स. १९३४ सालीं डॉ. हसमुख सांकळिया यांचा नालंदेवरील स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनींही प्राचीन भारतीय शिक्षणावरील आपल्या ग्रंथांत या विद्यापीठाचा विस्तारानें परामर्श घेतला. अशा परिचित विषयावर पुन्हा लिहावयाचें, तर त्यास कांहीं निमित्त असावयास हवें.

प्रस्तुत लेखाचें निमित्त एका साध्या प्रश्नांत आहे. हें विद्यापीठ सुमारें साडेसातशें वर्षें चाललें. या अवधींत गुप्तांचें साम्राज्य लयास गेलें, हर्षाचें राज्य उदयास येऊन मावळलें, पालवंश आला आणि तोही क्षीण झाला. राजकुलें बदललीं तरी विद्यापीठ चालू राहिलें. तें कोणत्या तरतुदीच्या जोरावर? केवळ विद्वत्तेनें मठ चालत नाहीं. विद्वानांस दोन वेळचें अन्न लागतें, गळणारें छप्पर दुरुस्त करावें लागतें, जीर्ण झालेली पोथी पुन्हा लिहून काढावी लागते. पुढील पिढ्यांचा विचार करून ही सोय कोणी, कशी आणि कोणत्या शब्दांत लावून ठेविली, हें पाहणें हा येथील विषय होय. सुदैवानें या प्रश्नाचें उत्तर देणारी समकालीन साधनें उपलब्ध आहेत: चिनी यात्रेकरूंचीं वृत्तें, उत्खननांत निघालेल्या मुद्रा, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे देवपाल राजाचा ताम्रपट.

१. वाढीची आखणी

इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या आरंभीं फाहियान या भागांतून गेला. त्यानें नाल नांवाच्या गांवाचा आणि तेथील स्तूपाचा उल्लेख केला आहे. मोठ्या विहाराचा केलेला नाहीं. ह्युएनत्संग सातव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत तेथें आला, तेव्हां त्यास पूर्ण भरास आलेलें विद्यापीठ दिसलें. त्याच्या कथनाप्रमाणें शक्रादित्य राजानें पहिला विहार बांधिला. पुढें बुद्धगुप्त, तथागतगुप्त, बालादित्य व वज्र यांनीं एकेकानें भर घातली. आणि नंतरच्या एका राजानें या सर्वांभोंवतीं एकच तट घालून एकच दरवाजा ठेविला. शक्रादित्य म्हणजे पहिला कुमारगुप्त असें बहुतेक विद्वान् मानितात.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, एकामागून एक येणाऱ्या दात्यांनीं आपापल्या लहरीप्रमाणें वाटेल तेथें इमारती उठविल्या नाहींत. पुराणवस्तु-संशोधन खात्यानें इ. स. १९१५ पासून १९३७ पर्यंत जें उत्खनन केलें, त्यांत पूर्वेस विहारांची आणि पश्चिमेस मंदिरांची अशा दोन समांतर ओळी उघड झाल्या. मध्यें रुंद मोकळी जागा आहे. विहारांचा आराखडाही जवळजवळ एकसारखाच: मध्यें चौक, चोहों बाजूंस भिक्षूंच्या खोल्या, आणि दरवाजासमोर देवघर. पहिल्या क्रमांकाच्या विहारांत एकावर एक असे वस्तीचे नऊ थर सांपडले. पडलेल्या भिंतीवर नवी भिंत त्याच जागीं उभी राहिली. शेंकडों वर्षांच्या अंतरानें आलेले दाते एकाच रेषेस धरून राहिले, यावरून ती रेषा राखणारी कोणी तरी कायमची सत्ता तेथें होती हें सिद्ध होतें. ती सत्ता राजाची नव्हे, भिक्षुसंघाची होती. धर्मचक्र व त्याच्या दोहों बाजूंस एकेक हरिण असें चिन्ह असलेल्या मातीच्या मुद्रा तेथें पुष्कळ मिळाल्या आहेत. त्यांवर नालंदा-महाविहाराच्या आर्य-भिक्षुसंघाचें नांव आहे. कोणा एका आचार्याचें वा राजाचें नाहीं. व्यक्ति मरते, संघ मरत नाहीं, हें तत्त्व त्या इवल्याशा मुद्रेंत सामावलेलें आहे.

२. गांवांचें उत्पन्न

इमारतींनंतर अन्नाचा प्रश्न येतो. ह्युएनत्संगाचें चरित्र त्याचा शिष्य हुइ-ली यानें लिहिलें. त्यांत असें सांगितलें आहे कीं, राजानें शंभराहून अधिक गांवांचें उत्पन्न विहारास लावून दिलें असून, त्या गांवांतील दोनशें कुटुंबें दररोज तांदूळ, लोणी व दूध पुरवीत असत. हुइ-ली याचें कारणही देतो. विद्यार्थ्यांस अन्न, वस्त्र, अंथरूण व औषध यांसाठीं कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं, म्हणूनच त्यांचें अध्ययन पूर्णत्वास जातें, असें त्याचें म्हणणें आहे. विद्येचा व धान्याच्या कोठाराचा संबंध याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच कोणी सांगितला असेल.

इ. स. ६७५ च्या सुमारास इत्सिंग नालंदेस आला व तेथें सुमारें दहा वर्षें राहिला. त्याच्या वेळीं विहाराच्या गांवांची संख्या दोनशेंच्या वर गेली होती. हीं गांवें अनेक पिढ्यांच्या राजांनीं दिलेलीं आहेत, असें तो नमूद करितो. म्हणजे चाळीसएक वर्षांच्या अंतरानें नोंदलेले हे दोन आंकडे जमेस धरिले, तर उत्पन्नाची बाजू सुमारें दुप्पट झालेली दिसते. रहिवाशांच्या संख्येविषयीं मात्र दोघांत मोठा फरक आहे. हुइ-ली दहा हजार सांगतो. इत्सिंग तीन हजारांवर. हुइ-ली स्वतः हिंदुस्थानांत आलेला नव्हता. इत्सिंगानें त्याच विहारांत दहा वर्षें अन्न घेतलें होतें. उत्खननांतील खोल्यांच्या मानानेंही इत्सिंगाचाच आंकडा अधिक जुळतो. योगक्षेमाचा हिशेब मांडतांना तोच धरावा हें उचित.

या जमिनी कसल्या कशा जात, तेंही इत्सिंगानें विनयाच्या आधारें सांगितलें आहे. संघानें जमीन व बैल पुरवावे. कष्ट करणाऱ्या कुटुंबांनीं पीक काढावें. उत्पन्नाचे सहा भाग करून त्यांतील एक भाग संघानें घ्यावा. राजास प्रजेकडून मिळणारा षड्भाग परंपरेनें सर्वांस ठाऊक आहे. तेंच प्रमाण येथें संघास लागू केलेलें दिसतें. संघाचा वाटा हलका राहिल्यामुळें कुळें जमीन सोडून जाण्याचें कारण उरत नसे, आणि थोडें परंतु अखंड येणारें उत्पन्न विहारास मिळे. दूरवरचा विचार करणाऱ्यास एका सुगीच्या मोठ्या लाभापेक्षां शंभर सुगींचा लहान लाभ अधिक मोलाचा वाटतो.

गांवें व विहार यांचा व्यवहार केवळ धान्याच्या गाड्यांपुरता नव्हता. नालंदेच्या उत्खननांत निरनिराळ्या गांवांच्या ‘जानपदां’च्या, म्हणजे ग्रामसंस्थांच्या, मुद्रा मिळाल्या आहेत, तसेंच राजगृह व गया या विषयांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सरकारी कचेऱ्यांच्याही मुद्रा सांपडल्या आहेत. पत्रें व कागदपत्र बांधून त्यांवर या मुद्रा उठविलेल्या असत. पत्रें नष्ट झालीं, माती राहिली. परंतु विहाराच्या दप्तरांत गांवोगांवचा व कचेऱ्यांचा पत्रव्यवहार येत होता, एवढें त्या मातीवरून निःसंशय कळतें. पेशवे-दप्तराचे रुमाल हाताळलेल्या वाचकांस त्याची कल्पना सहज करितां येईल.

संपत्ति वाढली म्हणजे तिच्या दुरुपयोगाचें भय उत्पन्न होतें, हेंही त्या काळच्या लोकांनीं ओळखलें होतें. ताम्रलिप्ति येथील विहाराचें वर्णन करितांना इत्सिंग सांगतो कीं, जो भिक्षु संघाचें मत न घेतां आपल्याच मर्जीनें कारभार करी, त्यास ‘कुलपति’ असें उपहासानें म्हणून बाहेर घालवीत. आज विद्यापीठाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यास आपण याच नांवानें गौरवितों. शब्दाचा हा प्रवास मनोरंजक आहे. कोठारांत धान्य कुजत ठेवून व तिजोरींत द्रव्य सांचवून राहणाऱ्यांना राहूं द्यावयाचें आणि विहारवासीयांनीं मात्र दारिद्र्यांत दिवस काढावयाचे, ही गोष्टही इत्सिंगानें स्पष्टपणें निंद्य ठरविली आहे. सांठवण हा हेतु नव्हे, निर्वाह हा हेतु होय, असा या व्यवस्थेचा पाया होता.

३. देवपालाचा ताम्रपट

आतां मुख्य साधनाकडे वळूं. इ. स. १९२१ सालीं पं. हीरानंद शास्त्री यांस पहिल्या क्रमांकाच्या विहारांत पालराजा देवपाल याचा ताम्रपट मिळाला. तो नवव्या शतकांतील, देवपालाच्या दीर्घ राज्यकालाच्या उत्तरार्धांतील आहे.

या दानपत्राची हकीकत विलक्षण आहे. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्रा व त्या बाजूच्या बेटांचा, शैलेंद्रवंशीय राजा बालपुत्रदेव यानें नालंदेंत एक विहार बांधिला आणि आपल्या दूताकरवीं देवपालास विनंती केली कीं, या विहाराच्या खर्चासाठीं गांवें लावून द्यावीं. त्याप्रमाणें देवपालानें नंदिवनाक, मणिवाटक, नटिका व हस्तिग्राम हीं राजगृह विषयांतील चार आणि पालामक हें गया विषयांतील एक, अशीं पांच गांवें दिलीं.

समुद्रापलीकडच्या राजाजवळ द्रव्याची वाण नव्हती. तो दरवर्षीं जहाजानें सोनें पाठवूं शकला असता. तसें त्यानें केलें नाहीं. वर्षासनाचा ओघ वाऱ्यावर, समुद्रावर आणि आपल्यामागून येणाऱ्या राजाच्या मर्जीवर अवलंबून राहील, हें त्यानें जाणलें. म्हणून इमारत आपण बांधावी, परंतु तिचा रोजचा खर्च मात्र तिच्या जवळच्याच मातींतून निघावा, अशी योजना त्यानें केली. नुसती इमारत देऊन दाता दूर झाला, तर संस्थेवर उपकारापेक्षां भारच अधिक पडतो. प्रत्येक नव्या इमारतीबरोबर तिचें नवें उत्पन्न, हा नियम या ताम्रपटांत प्रत्यक्ष पाळलेला दिसतो.

दानाचीं कारणें या ताम्रपटांत एकेक करून सांगितलीं आहेत. बुद्धाची व प्रज्ञापारमितादि धर्मस्थानांची पूजा. चारी दिशांहून येणाऱ्या आर्य-भिक्षुसंघासाठीं सत्र, चीवर, पिंडपात, शयनासन व आजाऱ्यांचीं औषधें. धर्मरत्नांचें, म्हणजे ग्रंथांचें, लेखन. आणि विहाराच्या मोडक्या-तुटक्या भागाची डागडुजी. या शेवटच्या कलमास लेखांच्या भाषेंत ‘खंडस्फुटित’ अशी रूढ संज्ञा आहे.

या कलमांचा क्रम बाजूस ठेवून त्यांचे तीन वर्ग पाडितां येतात. पहिला वर्ग माणसांचा, दुसरा इमारतीचा, तिसरा ग्रंथांचा. विद्यापीठ ज्या तीन वस्तूंचें बनलेलें असतें, त्या तिहींचाही नाश काळानें होतो. माणूस मरतो, भिंत पडते, ताडपत्र कुजतें. दानपत्र लिहिणाऱ्यानें तिहींचाही क्षय गृहीत धरून तिहींच्याही पुनरुज्जीवनाची तजवीज उत्पन्नाशीं बांधून टाकिली. दान घेणारा ‘चातुर्दिश’ संघ असल्यामुळें अमुक आचार्य निवर्तला म्हणून दान संपलें, असें होण्याचा संभव राहिला नाहीं. ताम्रपटाच्या अखेरीस भावी राजांस उद्देशून पुण्याचें आमिष व पापाचें भय दाखविणारे नेहमींचे श्लोक आहेत. राज्य करणारा वंश उद्यां बदलेल, ही जाणीव त्यांत उघड आहे.

डागडुजीचें कलम केवळ कागदोपत्रीं नव्हतें, याचाही पुरावा मिळतो. महीपालाच्या अकराव्या राज्यवर्षाच्या एका शिलालेखांत आगीनें नष्ट झालेल्या मंदिराचा जीर्णोद्धार केल्याची नोंद आहे. पुढें बाराव्या शतकांत विपुलश्रीमित्र नांवाच्या भिक्षूनें नालंदेंत विहार बांधिल्याचाही लेख उपलब्ध आहे.

४. महाराष्ट्रांतील अक्षयनीवी

अशी शाश्वत तरतूद करण्याची कल्पना मगधांतच प्रथम निघाली असें नव्हे. तिचीं फार जुनीं उदाहरणें आपल्या लेण्यांत कोरलेलीं आहेत, आणि त्यांच्याशीं तुलना केल्यावांचून नालंदेच्या पद्धतीचें वैशिष्ट्य ध्यानांत येत नाहीं.

नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्यानें लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी केली. नीवी म्हणजे मूळ द्रव्य. तें अक्षय ठेवावयाचें, खर्चावयाचें तें फक्त व्याज. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेंकडा एक या दरानें, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार दरमहा शेंकडा पाऊण या दरानें ठेविले. मूळ रक्कम परत मागावयाची नाहीं, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. दोन हजारांचें व्याज वर्षाकांठीं दोनशें चाळीस होतें. आणि लेखांत वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे असें सांगितलें आहे. वीस बारे दोनशें चाळीस. एक कार्षापण कमी नाहीं, एक अधिक नाहीं. ज्या कोणी हा हिशेब मांडला त्यास आजच्या कोणत्याही संस्थेच्या खजिनदारानें नमस्कार करावा.

यानंतर सात शतकांनीं, शिलाहारांच्या अमदानींत, कान्हेरी म्हणजे कृष्णगिरि येथील विहारास मिळालेलीं दानें पाहावीं. शके ७७५ मध्यें कपर्दी राजाच्या वेळीं गौड देशाहून आलेल्या गोमिन् अविघ्नाकर नांवाच्या उपासकानें तेथें निवासस्थानें बांधून शंभर द्रम्मांची अक्षयनीवी केली. गौड म्हणजे बंगाल. पालांच्या राज्यांतील माणूस कोंकणच्या डोंगरांत येऊन तीच रीत पाळतो, हें उल्लेखनीय होय. कान्हेरीच्याच, पुल्लशक्तीच्या वेळच्या दुसऱ्या लेखांत बुद्धपूजेसाठीं वीस, डागडुजीसाठीं तीन, वस्त्रांसाठीं पांच आणि पुस्तकांसाठीं एक अशी द्रम्मांची वांटणी दिली आहे. नालंदेच्या ताम्रपटांतील तेच वर्ग येथें लहान प्रमाणावर दिसतात. पुस्तकांच्या वांट्यास एकच द्रम्म आला, हें खरें. परंतु तो नांवानिशीं वेगळा काढून ठेविला, हें अधिक महत्त्वाचें. वेगळी न काढलेली रक्कम पूजेच्या तेलांत किंवा चुन्यांत केव्हां गेली तें कळतही नाहीं.

नाशिक-कान्हेरीची पद्धत रोकड द्रव्याची, नालंदेची मुख्यतः जमिनीची. रोकड ठेवींत हिशेब नेमका राहतो. पण ती जपणारी श्रेणी मोडली कीं ठेवही बुडते, आणि नाण्याची किंमत घसरली तर बारा कार्षापणांत पूर्वीएवढें वस्त्र येत नाहीं. जमिनीचें तसें नाहीं. भाव वाढला तरी भाताचें माप तेंच राहतें. सहस्रावधि माणसांस रोज जेवूं घालावयाचें असल्यानें नालंदेनें जमीन पसंत केली, हें युक्तच होतें. मात्र जमिनीसही एक मोठें व्यंग आहे: ती उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं, आणि जो राजा त्या भूमीवर असेल त्याच्या संमतीवांचून तिचें उत्पन्न घेतां येत नाहीं. या व्यंगाचा परिणाम पुढें दिसून आला.

५. ग्रंथांची तजवीज

पोथ्यांच्या संग्राहकांस या व्यवस्थेंतील ग्रंथविषयक भाग विशेष मननीय वाटेल. मृत भिक्षूच्या मालमत्तेची वांटणी कशी करावी हें सांगतांना इत्सिंग म्हणतो कीं, धर्मग्रंथ व त्यांच्या टीका यांची वांटणी करूं नये. त्या सर्व संघाच्या उपयोगासाठीं ग्रंथालयांत ठेवाव्या. बौद्धेतर विषयांचे ग्रंथ विकून येणारें द्रव्य वांटून घ्यावें. या नियमामुळें विद्वानाच्या मरणानें त्याच्या धर्मग्रंथांचा संग्रह फुटत नसे. उलट प्रत्येक पिढीच्या मृत्यूनें ग्रंथालय वाढत असे. वारसांच्या भांडणांत दुभंगलेले, अर्धें दप्तर एका भावाकडे व अर्धें दुसऱ्याकडे गेलेले संग्रह ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या नियमाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

नालंदेच्या ग्रंथालयाविषयीं लिहितांना रत्नसागर, रत्नोदधि व रत्नरंजक या तीन भव्य इमारतींचें वर्णन करण्याचा प्रघात आहे. हीं नांवें उत्तरकालीन तिबेटी परंपरेंतून आलेलीं आहेत. ह्युएनत्संग व इत्सिंग या प्रत्यक्षदर्शींनीं तीं सांगितलेलीं नाहींत, आणि उत्खननांत त्यांच्याशीं निश्चितपणें जुळणारी वास्तु सांपडलेली नाहीं. तेव्हां त्यांवर भर देण्यापेक्षां, नालंदेंत लिहिल्याचा उल्लेख ज्यांच्या पुष्पिकेंत आहे अशा पोथ्यांकडे लक्ष देणें अधिक फलदायी होय. अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या अशा ताडपत्री प्रती आज विद्यमान आहेत. रामपालाच्या पंधराव्या वर्षीं नालंदेंत लिहिलेली प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. गोविंदपालाच्या चौथ्या वर्षीं लिहिलेली प्रत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत असून, ती ब्रायन हॉजसन यानें नेपाळांतून मिळविलेल्या संग्रहांतील आहे. गोविंदपालाचें चौथें वर्ष म्हणजे इ. स. ११६५ च्या आसपासचा काळ. नालंदेच्या अखेरीपूर्वीं जेमतेम एक पिढी. पालांचें राज्य मोडकळीस आलें होतें, तरी ताम्रपटांत नमूद केलेलें धर्मरत्नांचें लेखन थांबलें नव्हतें.

याखेरीज ग्रंथ बाहेर जाऊं देण्याची उदारता त्या काळीं होती. ह्युएनत्संग हिंदुस्थानांतून ६५७ ग्रंथ घेऊन परतला. इत्सिंगानें सुमारें चारशें नेले. यांतील पुष्कळ अध्ययन व लेखन नालंदेंतलें. पोथी दुसऱ्यास उतरूं दिल्यानें आपला संग्रह उणा होतो, अशी समजूत कांहीं ठिकाणीं आढळते. नालंदेनें ती बाळगिली नाहीं.

६. अखेर

बाराव्या शतकाच्या शेवटीं बख्त्यार खिलजीच्या स्वाऱ्या मगधावर झाल्या. मिन्हाज याच्या तबकात-इ-नासिरींत ‘बिहार’ नांवाचा किल्ला घेऊन तेथील मुंडित लोकांची कत्तल केल्याची व तेथें पुष्कळ पुस्तकें मिळाल्याची हकीकत आहे. ती जवळच्या उद्दंडपूर विहाराची समजली जाते; नालंदेचें नांव त्या तवारिखेंत नाहीं. नालंदेच्या अवस्थेचें समकालीन चित्र पाहावयाचें, तर तें तिबेटी यात्रेकरू धर्मस्वामी याच्या वृत्तांतांत मिळतें. राहुल सांकृत्यायन यांच्या तिबेटांतील शोधांमुळें हें वृत्त अभ्यासकांच्या हातीं आलें, आणि इ. स. १९५९ सालीं पाटण्यास जॉर्ज रोरिक यांच्या भाषांतरानिशीं व डॉ. आळतेकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालें.

धर्मस्वामी इ. स. १२३४ ते १२३६ च्या दरम्यान तेथें होता. त्यास दोन विहार तेवढे वापरण्याजोगे आढळले. नव्वदी उलटलेले राहुलश्रीभद्र नांवाचे आचार्य सुमारें सत्तर विद्यार्थ्यांस शिकवीत होते, आणि त्यांचा निर्वाह जयदेव नांवाच्या एका ब्राह्मण उपासकाच्या साह्यानें चालला होता. सैन्य येत असल्याची वार्ता आली तेव्हां इतर सर्व निघून गेले. धर्मस्वामीनें वृद्ध गुरूस पाठीवर घेऊन जवळच्या एका देवस्थानांत लपविलें.

दोनशें गांवांच्या उत्पन्नापासून एका गृहस्थाच्या औदार्यापर्यंत ही उतरती कळा आली, ती केवळ एका आगीनें वा एका स्वारीनें नव्हे. आगी पूर्वींही लागल्या होत्या आणि जीर्णोद्धारही झाले होते. या खेपेस जीर्णोद्धार झाला नाहीं, कारण ज्या गांवांच्या उत्पन्नांतून तो व्हावयाचा, त्या गांवांचीं दानपत्रें मानणारी राजसत्ताच उरली नाहीं. ताम्रपटांतील श्लोक ज्यांस बंधनकारक वाटावे, असे राजे त्या भूमीवर राहिले नव्हते. सर्व उत्पन्न एकाच प्रदेशांत, एकाच प्रकारच्या सत्तेच्या आश्रयाखालीं असणें, हा या दूरदर्शी योजनेंतील एकमेव परंतु प्राणघातक दोष होय.

७. उपसंहार

तीन वर्गांपैकीं काय टिकलें, तें आतां पाहावें. माणसांची परंपरा तेथें खंडित झाली. इमारतींचे पाये विटांच्या ढिगाऱ्याखालीं सहाशें वर्षें झांकून राहिले. कनिंगहॅम यानें इ. स. १८६१-६२ च्या सुमारास ती जागा ओळखली. गांवें तर दुसऱ्यांचींच झालीं. टिकले ते ग्रंथ. आणि तेही जागेवर राहिलेले नव्हेत, तर ज्यांच्या प्रती होऊन नेपाळ, तिबेट व चीन येथें पोंचल्या ते. बालपुत्राच्या विहाराची आज नुसती जोतीं दिसतात; त्या दानपत्रांतील ‘लेखन’ या एका शब्दानें ज्या कार्याची तरतूद केली, त्या कार्याचें फळ आजही वाचतां येतें.

नालंदेच्या नांवाचें नवें विद्यापीठ संसदेच्या इ. स. २०१० च्या कायद्यानें राजगृहाजवळ स्थापन झालें असून, त्याच्या नव्या वास्तूचें उद्घाटन जून २०२४ मध्यें झालें. तें किती शतकें चालेल हें त्याच्या इमारतींवरून नव्हे, तर त्याच्या योगक्षेमाची घडी कशी बसविली जाते यावरून ठरेल.

या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांचीं घरें पोथ्यांनीं व दप्तरांनीं भरलेलीं आहेत, आणि आज ना उद्यां तीं कोणा संस्थेच्या स्वाधीन करण्याचा विचार प्रत्येकाच्या मनांत येतो. त्या वेळीं देवपालाचा ताम्रपट डोळ्यांपुढें ठेवावा. दान व्यक्तीस न देतां अखंड चालणाऱ्या संस्थेस द्यावें. संग्रहाबरोबर त्याच्या निगेचा खर्चही, थोडा कां होईना, जोडून द्यावा, आणि तो कान्हेरीच्या त्या एका द्रम्माप्रमाणें नांवानिशीं वेगळा ठेवावा. संग्रह फोडूं नये अशी अट घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, प्रती काढून त्या निरनिराळ्या गांवीं ठेवण्याचें कलम दानपत्रांत अवश्य घालावें. पूर्वीं त्यास लेखक, ताडपत्र व वर्षांचे कष्ट लागत. आतां छायाचित्रणानें तें काम अल्पावधींत होतें. ज्या वस्तूची एकच प्रत एकाच कपाटांत आहे, ती वस्तु कितीही जपली तरी एका ठिणगीची आहे. नालंदेचा इतिहास एवढें शिकवितो, आणि तें शिकविण्यास आज ज्या पोथ्या शिल्लक आहेत त्या सर्व नालंदेच्या बाहेर सांभाळल्या गेलेल्या आहेत.